कळस न पाहिलेला शिल्पकार : ट्रूमन एंजेल

देवळाच्या जीर्णोद्धाराचे काम निघाले की गावातील लहानथोरांचे डोळे कळसाकडे लागतात. कलशारोहणाच्या दिवशी वाजंत्री वाजते, पंगती उठतात, लेकीबाळी माहेरी येतात. पायाभरणीच्या वेळी खड्ड्यात उतरून ज्यांनी घाम गाळला, त्यांची आठवण त्या दिवशी फार थोड्यांना असते. पाया जमिनीत जातो आणि पाया घालणारा विस्मृतीत जातो, ही जगाची रीतच आहे. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत अशाच एका सुताराने एका भव्य मंदिराचा नकाशा काढला, ३४ वर्षे त्याचा ध्यास घेतला आणि कळसाचा दगड बसण्यापूर्वी साडेचार वर्षे जगाचा निरोप घेतला. त्यांचे नाव ट्रूमन ऑसबॉर्न एंजेल. देश वेगळा, धर्म वेगळा. पण देवळाच्या कामात ज्यांनी हात घातला आहे, त्यांना या माणसाची कथा परकी वाटणार नाही.

जन्म व उमेदवारी

ट्रूमन एंजेल यांचा जन्म ५ जून १८१० रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील रोड आयलंड राज्यात नॉर्थ प्रॉव्हिडन्स या गावी झाला. आपल्याकडे १८१८ साली पेशवाई बुडाली, तेव्हा ते आठ वर्षांचे होते. घरची परिस्थिती बेताची. शाळेचे शिक्षण नावापुरते झाले. वयाच्या सतराव्या वर्षी ते सुतारकामाच्या उमेदवारीस लागले आणि रंधा, करवत, गुण्या हीच त्यांची पाटी-पेन्सिल झाली. पुढे मोठमोठ्या इमारतींचे नकाशे त्यांनी काढले. परंतु वास्तुशास्त्राच्या कोणत्याही विद्यालयाची पायरी ते चढलेले नव्हते. जे शिकले ते कामावर शिकले.

इ.स. १८३२ मध्ये पॉली जॉन्सन हिच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी त्यांनी मॉर्मन पंथाची दीक्षा घेतली. हा ख्रिस्ती लोकांतील एक पंथ असून तो जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात स्थापन केला होता. या पंथात रविवारची सामुदायिक प्रार्थना साध्या सभागृहात होते. मंदिर ही वास्तू मात्र विवाहादी विशेष संस्कारांकरिता राखून ठेवलेली असते. त्यामुळे मंदिर बांधणे हे या लोकांना मोठे पुण्यकर्म वाटते. एंजेल यांची बहीण मेरी अ‍ॅन हिचा विवाह १८३४ मध्ये याच पंथातील ब्रिगहॅम यंग यांच्याशी झाला. हेच यंग पुढे पंथाचे प्रमुख झाले. मेहुण्या-मेहुण्यांची ही जोडी पुढे ४० वर्षांहून अधिक काळ एकमेकांच्या कामाशी बांधली गेली.

बांधलेली मंदिरे मागे सोडून

ओहायो राज्यातील कर्टलंड या गावी पंथाचे पहिले मंदिर उभे राहत होते. एंजेल १८३५ साली तेथे गेले व सुतारकामास लागले. वरच्या मजल्याच्या लाकूडकामावर त्यांची देखरेख होती. मार्च १८३६ मध्ये ते मंदिर पुरे झाले. परंतु दोन वर्षांच्या आत पैशाच्या अडचणी, आपसांतील फूट आणि बाहेरचा विरोध यांमुळे बहुतेक अनुयायांना ते गाव सोडावे लागले. मंदिर तेथेच राहिले, माणसे निघाली.

पुढे मिसूरी राज्यातूनही त्यांना बळाने घालवून देण्यात आले. नंतर इलिनॉय राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी नॉवू नावाचे नवे गाव वसले आणि तेथे आणखी मोठ्या मंदिराचे काम सुरू झाले. वास्तुविशारद विल्यम वीक्स हे होते आणि सुतारकामाचे प्रमुख एंजेल होते. जून १८४४ मध्ये जोसेफ स्मिथ यांची जमावाने हत्या केली. पंथाला हे गावही सोडावे लागणार हे स्पष्ट झाले. तरीही मंदिराचे काम कोणी थांबविले नाही. १८४६ च्या प्रारंभी गावकऱ्यांचे तांडे पश्चिमेकडे निघाले, वीक्सही गेले. उरलेले काम पुरे करण्यासाठी एंजेल मागे थांबले. मे १८४६ मध्ये मंदिर विधिपूर्वक पूर्ण झाले आणि मग त्यांनीही गाव सोडले. १८४८ मध्ये कोणी तरी त्या मंदिरास आग लावली. राहिलेल्या भिंतींचीही १८५० च्या वादळाने पडझड झाली. आयुष्याच्या चाळिशीपर्यंत एंजेल यांनी दोन मंदिरांवर घाम गाळला आणि दोन्ही त्यांना पाठीमागे टाकावी लागली. एखादा माणूस येथेच हात टेकता.

मिठाच्या सरोवराकाठी

त्या काळी अमेरिकेतील गोऱ्या लोकांची वस्ती पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत होती. जेथे वस्ती संपते आणि मोकळे रान सुरू होते, अशा सरहद्दीवर नवी गावे वसत होती. १८४७ साली ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली १४३ पुरुष, ३ स्त्रिया व २ मुले अशी पहिली तुकडी पश्चिमेकडे निघाली. तीत एंजेल होते. सुमारे एक हजार मैलांची वाट गाड्या हाकीत तुडवून ही तुकडी जुलै महिन्यात एका खाऱ्या सरोवराजवळच्या खोऱ्यात पोहोचली. हा मुलूख तेव्हा मेक्सिको देशाच्या हद्दीत होता. पुढच्याच वर्षी तहान्वये तो अमेरिकेकडे आला. हे खोरे रिकामे मात्र नव्हते. यूट व शोशोनी या आदिवासी लोकांचा तेथे पिढ्यान्‌पिढ्यांचा वावर होता. नवी वस्ती वाढत गेली तसे त्यांचे रान व त्यांची शिकार हिरावली गेली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

खोऱ्यात पाऊस कमी, इमारती लाकूड त्याहून कमी. वसाहतवाल्यांनी डोंगरातील ओढ्यांना पाट काढून जमीन भिजविली. येऊन चार दिवस होतात न होतात तोच यंग यांनी मंदिराची जागा मुक्रर केली. डोक्यावर धड छप्पर नसताना आधी देवाची जागा ठरली. एंजेल परत जाऊन कुटुंबाला घेऊन १८४८ मध्ये पुन्हा आले. वीक्स यांनी वसाहत सोडली आणि वास्तुविशारदाची जबाबदारी एंजेल यांच्यावर पडली. सुतार आता नकाशाच्या मेजावर बसला.

नव्या वस्तीला सगळेच हवे होते. सभागृह, कचेरी, राहती घरे, कुंपणभिंती, या सर्वांचे आराखडे त्यांच्याकडे येत. यंग यांची राहण्याची दोन प्रसिद्ध घरे, बीहाइव्ह हाउस व लायन हाउस, त्यांच्या देखरेखीखाली उभी राहिली. फिल्मोर येथे युटा प्रांताच्या राजधानीसाठी मोठ्या कचेरीचा नकाशा त्यांनी काढला. तिचा फक्त एक भाग १८५५ मध्ये पुरा झाला, कारण पुढे राजधानीच सॉल्ट लेक सिटीस हलली.

पाया भरला आणि बुजविला

१४ फेब्रुवारी १८५३ रोजी मंदिराच्या जागी कुदळ मारण्यात आली व ६ एप्रिल १८५३ रोजी कोनशिला बसविण्यात आल्या. योगायोग असा की, त्याच महिन्याच्या १६ तारखेस मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्यास आपल्याकडील पहिली प्रवासी आगगाडी सुटली. सॉल्ट लेक सिटीस मात्र आगगाडी पोहोचण्यास अजून १६-१७ वर्षे होती. तोपर्यंत जे काही आणायचे ते बैलगाड्यांनीच.

पैसा म्हणावा तर वस्तीत रोख रक्कम फारच थोडी. प्रत्येकाने उत्पन्नाचा दहावा हिस्सा पंथास द्यावयाचा असा नियम होता. ज्याच्याकडे पैसा नाही त्याने धान्य द्यावे, जनावर द्यावे; तेही नसेल तर दर दहा दिवसांतील एक दिवस अंगमेहनत करावी. कामावरील पाथरवट-गवंड्यांनाही मजुरी बहुतांशी धान्य, भाजीपाला अशा वस्तूंच्या रूपाने पंथाच्या कोठारातून मिळे. आपल्याकडील बलुत्याची आठवण व्हावी अशीच ही व्यवस्था होती. खुद्द एंजेल यांचीही मिळकत तुटपुंजी होती. मोठा हुद्दा आणि ओढगस्तीचा संसार असे त्यांचे आयुष्य गेले.

पाया जवळच्या डोंगरातील वालुकाश्माचा भरण्यात आला. १८५५-५६ मध्ये टोळ व अवर्षण यांनी पिके बुडविली आणि माणसे पोटामागे लागली. १८५६ मध्ये एंजेल यांना युरोपात पाठविण्यात आले. तेथील जुनी प्रार्थनामंदिरे व मोठ्या इमारती डोळ्यांखालून घालून ते पुढच्या वर्षी परतले. परतले तोच नवे संकट उभे राहिले. युटाच्या कारभारावरून वॉशिंग्टन सरकार व मॉर्मन वसाहत यांच्यात बेबनाव होऊन सरकारी फौज युटाकडे निघाली. मंदिराची नासधूस होईल अशी भीती वाटली. तेव्हा लोकांनी चार-पाच वर्षांच्या कष्टाने भरलेला पाया स्वतःच्या हाताने मातीखाली गाडला आणि वरून नांगरलेल्या शेतासारखी जमीन सपाट केली. घरे सोडून हजारो माणसे दक्षिणेकडे गेली. २६ जून १८५८ रोजी फौज ओस शहरातून शांतपणे निघून गेली. पुढे समेट झाला, लोक परतले. मंदिराची जागा मात्र काही काळ शेतासारखीच पडून राहिली.

चिरा गेलेला पाया

माती काढून पाया उघडा केला तेव्हा खरी परीक्षा आली. काही दगडांना चिरा गेल्या होत्या. बारीक दगड व चुना यांची भर जास्त झाल्यामुळे वरचा अवाढव्य भार तो पेलील याची खात्री वाटेना. मंदिराच्या भिंतींची जाडी तळाशी ९ फूट व माथ्याशी ६ फूट धरलेली होती. अशा भिंती कच्च्या पायावर चढविणे म्हणजे लेकराबाळांच्या डोक्यावर संकट ठेवणे.

पुढे काय करावे? नऊ वर्षे गेलेली. लोकांच्या घामाचा दहावा दिवस त्या दगडांत गेलेला. वरून थोडी डागडुजी करून काम रेटले असते तर त्या वेळी कोणाच्या लक्षातही आले नसते, कारण पाया शेवटी जमिनीतच जाणार होता. परंतु १८६२ मध्ये यंग यांनी सदोष काम काढून टाकून पाया नव्याने पक्का करण्याचा निर्णय जाहीर केला. मोठमोठे दगड नीट घडवून, सांधे बसवून पाया पुन्हा भरण्यात आला. देवाच्या कामात झाकपाक चालत नाही, हे त्या निर्णयाने दाखविले.

एंजेल यांच्या आयुष्यातील हा सर्वांत अवघड काळ होय. त्यांची प्रकृती आधीच ढासळली होती व १८६१ मध्ये त्यांनी काम सोडले होते. त्यांच्या जागी विल्यम फोल्सम यांची नेमणूक झाली. म्हणजे स्वतः आखलेल्या मंदिराचा पाया उकरला जात असताना एंजेल अधिकारावर नव्हते. दुसऱ्या एखाद्याने याला अपमान मानला असता, त्या कामाकडे पाठ फिरविली असती. एंजेल यांनी तसे केले नाही. १८६७ मध्ये बोलावणे आले तेव्हा वयाच्या ५७ व्या वर्षी, पूर्ण बरी नसलेली प्रकृती घेऊन ते पुन्हा कामावर रुजू झाले. मूळ नकाशा त्यांचा होता. दुरुस्त झालेल्या पायावर तोच उभा करावयाचा होता.

डोंगरातून आलेले दगड

भिंतींसाठी शहरापासून सुमारे २० मैलांवरील लिटल कॉटनवुड नावाच्या खिंडीतील पांढुरका कठीण दगड निवडला होता. हा दगड ग्रॅनाइटच्या जातीचा. डोंगरकड्यावरून पूर्वीच निसटून खाली पडलेल्या प्रचंड शिळा शोधून त्यांना ओळीने भोके पाडीत आणि पाचरी ठोकून त्या फोडीत. एकेक मोठा दगड आणायला अनेक बैलजोड्या जुंपाव्या लागत व तीन-चार दिवस मोडत. वाटेत गाडीचा आस मोडला की दगड तेथेच. पाण्यातून दगड आणण्यासाठी कालवा खोदण्याचाही प्रयत्न झाला, तो तडीस गेला नाही. १८६८-६९ मध्ये आगगाडीच्या रस्त्याच्या कामावर माणसे गेल्यामुळे मंदिराचे काम रेंगाळले. पण तीच आगगाडी १८७३ पासून खाणीच्या बाजूने दगड वाहू लागली आणि कामास वेग आला. ज्याने काम अडविले त्यानेच पुढे ते सावरले.

एंजेल यांच्या आराखड्यात पूर्वेस तीन व पश्चिमेस तीन असे सहा मनोरे होते. पूर्वेकडील मधला मनोरा सर्वांत उंच, २१० फुटांचा. भिंतींवर पृथ्वी, चंद्र, सूर्य व तारे कोरलेले दगड बसवावयाचे होते. चंद्राच्या कला निरनिराळ्या दाखविल्या आहेत. पश्चिमेच्या मधल्या मनोऱ्यावर सप्तर्षींचे सात तारे आहेत आणि त्यांतील दोन तारे ध्रुवाची दिशा दाखवितात. वाट चुकलेल्या माणसाला त्यावरून दिशा सापडावी, असा त्यामागचा हेतू. रात्री सप्तर्षी पाहून वेळ ओळखणाऱ्या आपल्याकडील शेतकऱ्यालाही त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

दरम्यान शेजारच्या कासवाच्या पाठीसारख्या छपराच्या मोठ्या सभागृहात एंजेल यांनी सज्जाचे काम केले. तेथे शब्द नीट ऐकू येऊ लागण्यास या सज्जाचा उपयोग झाला. युटाच्या दक्षिणेस सेंट जॉर्ज येथील मंदिराचा नकाशाही त्यांचाच. तेथील जमीन पाणथळ निघाली. तेव्हा एका जुन्या तोफेत शिसे भरून ती उचलून आपटण्याची युक्ती लोकांनी काढली आणि तिच्या ठोक्यांनी काळा ज्वालामुखी दगड जमिनीत ठेचून पाया पक्का केला. हा दगड आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा भाऊबंदच. सॉल्ट लेक सिटीचे काम चालूच राहिले आणि १८७१ मध्ये सुरू झालेले सेंट जॉर्जचे मंदिर एप्रिल १८७७ मध्ये पुरेही झाले. युटात पूर्ण झालेले ते पहिले मंदिर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिगहॅम यंग वारले. लोगन येथील मंदिराचा नकाशा एंजेल यांच्याच नावाच्या त्यांच्या मुलाने काढला. ते १८८४ मध्ये पुरे झाले. बापाची विद्या मुलाच्या हातात गेली.

अखेर

१६ ऑक्टोबर १८८७ रोजी वयाच्या ७७ व्या वर्षी ट्रूमन एंजेल यांचे निधन झाले. सॉल्ट लेक सिटीच्या मंदिराच्या भिंती उंच गेल्या होत्या, पण मनोरे पुरे व्हायचे होते. त्यातच बहुपत्नीत्वाच्या चालीवरून सरकारने केलेल्या कायद्याने त्याच वर्षी पंथाच्या मालमत्तेवर गदा आली होती. मंदिर पुरे होईल की नाही, याचीच शंका वाटावी असे ते दिवस होते.

काम थांबले नाही. ब्रिगहॅम यंग यांचे पुत्र जोसेफ डॉन कार्लोस यंग यांनी पुढील काम हाती घेतले व आतील रचनेत फेरफार केले. ६ एप्रिल १८९२ रोजी विजेच्या कळीने माथ्याचा दगड बसविण्यात आला व त्यावर देवदूताची सोनेरी मूर्ती चढविली. ती मूर्ती सायरस डॅलिन या शिल्पकाराने घडविली. तो या पंथाचा नव्हता. त्या दिवशी जमलेल्या लोकांनी आतले सर्व काम एका वर्षात पुरे करण्याचा निश्चय केला आणि त्यासाठी देणग्या दिल्या. ६ एप्रिल १८९३ रोजी, कोनशिलेपासून बरोबर ४० वर्षांनी, मंदिर पूर्ण झाले. कुदळ मारताना जी मुले होती, त्यांच्या डोक्याचे केस तोपर्यंत पिकले होते.

सव्वाशे वर्षांनंतर मंदिराच्या पायाला पुन्हा हात घालण्याची वेळ आली. भूकंपापासून संरक्षणासाठी २०१९ च्या अखेरीस मंदिर बंद करून मोठ्या जीर्णोद्धाराचे काम सुरू झाले. मार्च २०२० मध्ये ५.७ प्रतीचा भूकंप झाला आणि माथ्यावरील देवदूताच्या हातातील तुतारी गळून पडली. भिंती मात्र ठाम उभ्या राहिल्या. या जीर्णोद्धारात जुन्या पायाखाली भूकंपाचे हादरे सोसणारे ९८ आधार बसविण्याची योजना करण्यात आली. १८६२ मध्ये जे ठरले तेच दीडशे वर्षांनी पुन्हा ठरले : आधी पाया पाहावा, मग शोभा. एंजेल यांनी पुरे करून मागे सोडलेले नॉवूचे मंदिरही २००२ मध्ये त्याच जागी पुन्हा उभे राहिले.

सॉल्ट लेक सिटीस जाणारा प्रवासी त्या सहा मनोऱ्यांची छायाचित्रे काढतो. ब्रिगहॅम यंग यांचे नाव शाळा-विद्यालयांवर, रस्त्यांवर आहे. ट्रूमन एंजेल यांचे नाव विचारले तर फार थोड्यांना सांगता येते. आपल्या हाताखालचा पाया सदोष ठरला तरी ज्याने काम टाकले नाही, कळस पाहायला मिळणार नाही हे वयाने सांगितले तरी ज्याने नकाशा मिटला नाही, अशा माणसाचे ते नाव आहे. देणगीदारांची नावे फरशीवर कोरली जातात, ती कोरलीच पाहिजेत. परंतु ज्यांनी डोक्यावरून दगड-माती वाहिली, ज्यांनी आपली बैलजोडी दोन दिवस मंदिराकडे पाठविली आणि पावती मागितली नाही, त्यांची नावे दगडावर मावत नाहीत. कलशारोहणाच्या दिवशी हात जोडताना एक नमस्कार त्यांनाही पोहोचावा.